अण्णा निजलेत, आवाज बंद

गाव सोडलं त्या सकाळी मी अजिबात रडले नाही. तुम्ही सगळी चुलत भावंडं फाट्यापर्यंत आली होतात. काकूने धपाट्यांचं गाठोडं दिलं होतं, आई डोळ्याला पदर लावून उभी होती. मी मात्र एसटी कधी येते तेवढंच बघत होते. अण्णा चार वर्षांपासून आकुर्डीत एकटे राहत होते, आता आम्हाला न्यायला आले होते. आदल्या दिवशी मला म्हणाले होते, “तिकडं आपला सोताचा टीव्ही हाय. गुरुजींच्या दारात ताटकळायचं काम न्हाई.” एवढं ऐकल्यावर नऊ वर्षांच्या मुलीने रडायचं कशासाठी? विलास पाच वर्षांचा होता. त्याने विचारलं, “बदक पण तिकडंच ऱ्हातं का?” अण्णा म्हणाले, “तर! तिथंच ऱ्हातं, आपल्या शेजारी.”

बदक म्हणजे ‘झोळीवाले काका’ मधलं. कार्यक्रमाचं खरं नाव वेगळं होतं, पण सगळे तेच म्हणायचे. दर रविवारी सकाळी एक काका खांद्यावर झोळी घेऊन यायचे, झोळीतून एखादी वस्तू काढायचे, कुलूप नाहीतर चमचा, आणि तिची गोष्ट सांगायचे. शेजारी कापडी बदक. ते काकांचं एकही वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. आम्ही गावात असताना तो सुरू झाला आणि मी बारावीला गेले तरी चालूच होता. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो गुरुजींच्या ओसरीवर माझ्या मांडीला मांडी लावून पाहिला आहे.

दीड महिन्यापूर्वी विलासने जर्मनीहून आपल्या ग्रुपवर त्या कार्यक्रमाचा जुना तुकडा टाकला आणि खाली लिहिलं, “आकुर्डीत आम्ही हा आवाज बंद करून बघायचो, कारण अण्णा नाइट करून झोपलेले असायचे. बदकाचं बोलणं ताई माझ्या कानात करायची. माझ्यासाठी बदकाचा आवाज म्हणजे ताईचा आवाज. काय दिवस होते! सगळ्यांनी आपापली आठवण लिहा.” तुम्ही लिहिलीत. मी लिहिली नाही, म्हणून शोभाने दोनदा विचारलं, रागावलीस का. हो, रागावले होते. त्याच आठवड्यात मला कळलं होतं की माझ्या मुलाचे, ओंकारचे, कान जाताहेत, आणि हे त्याने मला न सांगता मामाला, म्हणजे विलासला, सांगितलं होतं. मामाने सल्ला दिला होता की नोकरीत पर्मनंट होईपर्यंत गप्प राहा.

म्हणून आता आठवण लिहिते. विलासने जिथे थांबवली तिथून पुढची.

आकुर्डीतली खोली म्हणजे एका चाळीतली शेवटून दुसरी. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, मध्ये आईच्या साडीचा पडदा. पडद्याआड अण्णा झोपलेले, अलीकडे आम्ही आणि दारांचा कृष्णधवल टीव्ही. पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवार हा कामाचाच दिवस. अण्णा कायम तिसऱ्या शिफ्टला. सकाळी यायचे, अंघोळ करून, भाकरी खाऊन आडवे व्हायचे. मग आई टीव्हीचं बटण ‘टक’ होईपर्यंत फिरवायची आणि त्यापुढे एक केसभरही जाऊ द्यायची नाही. चित्र चालू, आवाज शून्य. “अण्णा निजलेत. आवाज बंद.”

गावात ऐकलेलं मला पाठ होतं, ते मी विलासच्या कानात कुजबुजायची. पाठ होतं ते दोन-तीन महिन्यांत संपलं. मग मनाचं सांगायला लागले. बदक काकांना म्हणायचं, “तुमच्या झोळीत भाकरी हाय का, मला लई भूक लागलीया.” विलास तोंडावर हात दाबून हसायचा. त्याला एवढंच आठवतं. त्याचा दोष नाही, लहान होता.

मला आणखी काही आठवतं. आम्ही असे कुजबुजत असताना चार हातांवर आईचा कुकर शिट्ट्या मारत असायचा. ती खलबत्त्यात शेंगदाणे कुटायची. समोरच्या नळावर बायकांची भांडणं चालायची. अण्णांची झोप कशाने मोडायची नाही. बंदी फक्त टीव्हीला. आणि गुरुवारी अण्णा जागे असायचे, आमच्याबरोबर बसून टीव्ही बघायचे, तेव्हाही आवाज बंदच. मी एकदा विचारलं, आता काहून बंद? आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. सवय झालीया.” अण्णा टीव्हीकडे बघत राहिले. आम्ही हसलो की तेही हसायचे, जरा उशिरा.

मी अकरा वर्षांची असताना एका रविवारी विलासने बटण हिसडलं. आवाज एकदम पुरा सुटला. बदक असं काही ओरडलं की मोरीतली आई ओल्या हातांनी धावत आली. मी पडदा सारून बघितलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, पाय एकावर एक. हलले नाहीत. विलास आनंदाने म्हणाला, “ताई, अण्णा उठलेच न्हाईत!”

आईने आधी टीव्ही बंद केला, मग खिडकी लावली आणि मग माझ्या थोबाडीत दिली. बटण विलासने फिरवलं होतं, मार मला बसला. म्हणाली, “सुमे, हे बाहीर कुनाला बोलायचं न्हाई. त्यालाबी सांग.” मला वाटलं, गोंगाट केला म्हणून शिक्षा. गोंगाट बाहेर का बोलायचा नाही, हे मी विचारलं नाही. गाल चांगलाच तापला होता.

खरं काय ते अण्णा गेल्यावर आईने सांगितलं, त्यांचे कपडे गाठोड्यात बांधताना, जसं काही भाजी निवडताना सांगावं तसं. अण्णा प्रेसवर होते. पत्र्याचे भाग दाबून काढणारं मशीन, दर ठोक्याला जमीन हलते. ती कंपनी कधीच बंद पडली, नाव लिहून उपयोग नाही. आम्ही आकुर्डीला आलो तेव्हाच त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. सात महिने काम, मग ब्रेक, मग परत सात महिने, असे ते टेंपररी होते. भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांच्याच खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, राहायचा. आई म्हणाली, “टीव्ही मोठा लावला असता तर त्यो म्हनला नसता का, ह्या गोंधळात मानूस झोपतो कसा? कुकर समद्यांच्याच घरी वाजतो. आन् गुरुवारी ह्यांच्या हातात बटण दिलं असतं तर ह्यांनी किती वर नेलं असतं? समद्या चाळीला कळलं असतं. मग ठिवलं असतं का कंपनीनं?”

म्हणजे आम्ही अण्णांच्या झोपेसाठी गप्प बसत नव्हतो. त्यांना ऐकू येत नाही हे झाकण्यासाठी आम्हाला गप्प बसवलं होतं.

अण्णा पर्मनंट झाले. पर्मनंट करताना कंपनी डॉक्टरी तपासणी करायची, तिच्या आधी महिनाभर आईने त्यांना ओठ बघून समजून घ्यायची तालीम दिली होती. त्याच पगारावर विलास इंजिनियर झाला, मी डिप्लोमा केला. हे मी नाकारत नाही, कुणी नाकारू नये. पण पर्मनंट झाल्यावर ते आणखी अठरा वर्षं त्याच मशीनवर उभे राहिले, कारण खातं बदलून मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं. निवृत्त झाले तेव्हा त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. तुम्ही लग्नकार्याला यायचात आणि परत जाऊन म्हणायचात, अण्णाला शहराची हवा लागली, बोलतच नाही, मान हलवतो नुसती. माझ्या कानावर आलं होतं ते. मी तेव्हाही खुलासा केला नाही. आईची शिकवण पक्की होती.

आता ओंकार. बावीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून निघोजेजवळच्या एका कंपनीत ट्रेनी, प्रेस शॉपलाच. पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने जायचा. मी स्वतः भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर्स सांभाळते. कानात घालायचे प्लग मीच वाटते. पोरं सही करून घेतात आणि खिशात टाकतात, कारण प्लग घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि सुपरवायझर ओरडतो. हे मला रोज दिसतं. तरी घरात ओंकार दर वाक्याला “काय?” म्हणायला लागला, तेव्हा मी मोबाईलला शिव्या घालत बसले. वर्षभर. तो दोष माझा.

एकदा तो मामाशी फोनवर बोलताना मी ऐकलं. कानात सारखी शिट्टी वाजते म्हणत होता. स्पीकर चालू होता, कारण त्याशिवाय त्याला नीट ऐकू येईना. विलास सांगत होता, “मेडिकलच्या आधी चार-पाच दिवस सुट्टी टाक, आवाजापासून लांब राहा, कान जरा मोकळे होतात. आधी पर्मनंट हो, मग बघू.”

मी ओंकारला चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कागदावर खाली उतरत जाणारी रेघ दाखवली. गेलं ते परत येणार नाही म्हणाले, उरलंय ते टिकवायचं असेल तर त्या मशीनपासून लांब. घरी येऊन मी ओंकारला अण्णांचं सगळं सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं तसंच. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे आजोबांना नोकरी मिळाली ना?”

“मिळाली.”

“मग झालं तर. मलापण मिळू दे. महिनाच राहिलाय, आई. मध्ये पडू नको.”

मी मध्ये पडले. त्याने सुट्टीचा अर्ज भरला आहे हे कळलं, तेव्हा पुढच्या गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी बस धरून निघोजेला गेले. गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, मॅडम, कुणाला भेटायचंय? म्हटलं, मेडिकल रूमला. रिपोर्टची झेरॉक्स तिथल्या डॉक्टरांच्या हातात दिली आणि परत आले. वाटेत मी रडले वगैरे नाही. बसायला जागा मिळाली होती.

कंपनी वाईट वागली नाही. नियमाने वागली. प्रेस शॉपवरून त्याला लगेच काढलं, दुसऱ्या खात्यात जागा नव्हती, मुदत संपली तेव्हा पुढचं पत्र आलं नाही. त्याच्याबरोबरची चार पोरं पर्मनंट झाली. त्यांनी हॉटेलात पार्टी केली आणि ह्यालाही बोलावलं. तो गेला नाही. मला म्हणाला, “माझ्या मित्रांसमोर माझं तोंड काळं केलंस.” त्यानंतर आज अकरा दिवस तो माझ्याशी बोललेला नाही.

विलासचा फोन आला. “ताई, थोडं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? पर्मनंट झाल्यावर खातं बदलून मागितलं असतं त्याने.”

“अण्णांनी मागितलं होतं?”

“अण्णांची गोष्ट वेगळी. त्यांचं वय झालं होतं.”

“तू बटण फिरवलंस तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते, विलास.”

तो म्हणाला, कुठलं बटण? त्याला तो रविवार आठवतच नाही. मी सांगितला. म्हणाला, “हे तू मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?” मी फोन ठेवला. त्याने ग्रुपवरचा तो तुकडा काढून टाकला असं दिसतंय. काढायची गरज नव्हती. कार्यक्रमाने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्याने काढायच्या आधी मी तो आवाजासकट ऐकला, अर्धा. बदकाचा आवाज चिरका आहे.

तुम्ही विचारता, गावाकडे कधी येतेस, तुझं घर आहे इथं. बोलावता त्याबद्दल बरं वाटतं. पण सध्या येणं होणार नाही. ओंकार नोकऱ्या शोधतो आहे, क्वालिटीत नाहीतर स्टोअरला कुठे लागला तर बघायचं. सकाळी तो आतल्या खोलीत दार लोटून बसलेला असतो. मी ओट्यापाशी उभी राहून साध्या आवाजात म्हणते, “ओंकार, पोहे झालेत.” अजून त्याला तेवढं ऐकू येतं. खुर्ची सरकल्याचा आवाज होतो आणि तो उत्तर न देता बसून राहतो. त्याला ऐकू गेलं हे मला कळतं, आणि मला कळलं हे त्यालाही. पोहे गार होतात. मी डबा भरते आणि कामावर जाते.