सात नंबरचं भूत

फिनेलचा वास आला की भुसावळ स्टेशनजवळचं ते इंग्रजांच्या काळातलं हॉटेल आठवतं. सात नंबरच्या खोलीत भरदुपारी गोरा साहेब बूट वाजवत फिरतो, असं सगळे म्हणत. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, तिथं नवा मॅनेजर. भूत खोटं ठरवायला दुपारभर त्या खोलीत बसलो. काही वाजलं नाही. फरशी पुसायला आलेली म्हातारी अक्का हसली, "भाऊ, भूत शे म्हनीसन मनी नोकरी शे. आठे दुसरं कोनी येस नही." भुताच्या भीतीनं त्या खोलीत झाडायला-पुसायला दुसरं कुणी येत नव्हतं, म्हणून तिची नोकरी टिकली होती. शेठ तेव्हा म्हाताऱ्या कामगारांना काढत होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय मॅनेजर, दिसलं का?" म्हटलं, "दिसलं नाही शेठ, पण बूट वाजले." अक्का राहिली. भूत नसतं, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगतो. त्या हॉटेलचा विषय निघाला की मात्र गप्प बसतो.