दादाचे आणि माझे उंदीर

परळच्या प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळते म्हटलं की लोक हसतात. हसू देत. ड्रायक्लीनिंगला जे रसायन वापरतात, त्याची वाफ आमच्या उंदरांना रोज थोडीथोडी हुंगायला देतात, जन्मभर. पुढे त्यांचं काय होतं ते आम्ही बघतो. आणि माझा सख्खा मोठा भाऊ भोईवाड्यातल्या दुकानात त्याच रसायनाचं मशीन चालवतो, मिसरूड फुटलं तेव्हापासून. आता बोला!

दादाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मास्क लाव, शेठला खिडकीत पंखा बसवायला सांग, नाहीतर सोड ती नोकरी. "काय गो, मेले काय तुझे उंदीर?" तो विचारायचा. नव्हते मेले. चांगले गुबगुबीत होते मेले, म्हणून त्याचं फावायचं. "बघ, तुझ्यापेक्षा तब्येत बरी त्यांची!"

यंदा उंदीर म्हातारे झाले आणि एकेकाच्या अंगात गाठी लागायला लागल्या. साध्या हवेतल्या पिंजऱ्यांत तुरळक, वाफेतल्या पिंजऱ्यांत जास्त. दादाला हे सांगायला माझी जीभच रेटेना. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मीच सगळ्यांना ऐकवत असते. पण जिवाला चैन पडेल तर शपथ.

भाऊबीजेला सकाळी दादा पाटावर बसला, मी तेल चोळायला घेतलं. दर आठवड्याला एकेक उंदीर हातात धरून आम्ही गाठ चाचपतो, जबड्याखाली, काखेत, पोटावर. बोटांना सवयच लागलेली. दादाच्या जबड्याखाली ती थांबली, दाबत दाबत मानेवरून उतरली आणि उजव्या काखेत शिरली.

"ताई, तेल लावताय की गुदगुल्या करताय?" वहिनी हसली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आता हा म्हणणार, मला उंदीर समजलीस काय? पण दादा वहिनीला म्हणाला, "पाणी तापलं का बघ जरा." ती आत गेल्यावर त्याने डावा हात आपणहून वर केला.

"इकडे बघ," तो हळूच म्हणाला. "नीट दाबून बघ. साबण लावताना काहीतरी लागतं मला तिथे, गणपतीपासून."