कदमांचं नाव मोठ्यानं घेतलं

खरं सांगायचं तर त्या रविवारी मी देवळात देवासाठी गेलेच नव्हते. घरी बसले असते तर लॅपटॉप उघडला असता आणि कदमांचा फॉर्म पाठवून टाकला असता, म्हणून गेले. डोकं इतकं तापलं होतं की शारजातल्या आमच्या अल मजाजपासून देवळापर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "मम्मा, रिलॅक्स. इट्स चर्च, नॉट ऑफिस." म्हटलं, तू गप बस.

कदम म्हणजे आमच्या कंपनीतले एसी मेकॅनिक, कुडाळकडचे, चौदा वर्षं इथे काढलेले. मी त्याच कंपनीत एचआर बघते. आठ दिवस झाले, माणूस कामावर नाही, फोन बंद. खोलीवरचे सांगत होते, सुट्टीच्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला तो आलाच नाही. इथे कामगार असा न सांगता गेला की तो पळून गेल्याची तक्रार कंपनीने सरकारात करायची असते. ती एकदा नोंदली की व्हिसा रद्द, वर बंदीची टांगती तलवार. मॅनेजर शुक्रवारी म्हणाला, "खलास, वो भाग गया. मंडे सुबह तक सबमिट करो." दुबई-शारजातल्या इस्पितळांना मी फोन करून दमले होते. कुडाळहून त्यांची बायको रोज विचारायची, "गावले काय गो ते?" आणि मी रोज तेच सांगायचे, शोधतोय वहिनी. इकडे फॉर्म भरून तयार होता. बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

आता मार्गारेटबद्दल सांगायला हवं, कारण त्या बाईने मला वर्षभर वात आणला होता. ती अमेरिकन, रिटायर झालेली शिक्षिका, मुलाकडे राहते. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, इथे अँग्लिकन देवळात जातो. अमेरिकेत त्याच पंथाच्या लोकांना एपिस्कोपेलियन म्हणतात, ती त्यातली. तिचं एकच पालुपद: श्रद्धा देवळाच्या दारात चपलांसारखी काढून ठेवायची नसते, ती कचेरीत, रस्त्यावर, चार लोकांत दिसली पाहिजे. बोलायला काय जातं! मी एकदा मंडळीच्या मीटिंगमध्ये तोंडावर म्हटलं, "मार्गारेट, तुमच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. आमचं सगळं बिऱ्हाड एका व्हिसावर उभं आहे." माझे वडील शाळामास्तर. त्यांची शिकवण होती, प्रार्थना घरात आणि देवळात, कचेरीत फक्त काम. मी ते आयुष्यभर पाळलं आणि मला त्याचा अभिमानही होता.

त्यात उपासनेतली ती सर्वांसाठीची प्रार्थना. आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी असं म्हणून प्रार्थना चालवणारा थांबतो आणि ज्याला हवं त्याने आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आमच्याकडे कुणी घेत नाही. आपण 'सर्व आजाऱ्यांसाठी' म्हणतो आणि मोकळे होतो. देवाला काय हजेरीपट लागतो? पण त्या महिन्यात प्रार्थना चालवायची पाळी मार्गारेटची. ती थांबली की थांबली. कुणीतरी खोकलं, कुणाचं तरी पोर रडलं, बाई ढिम्म. मला तर वाटलं ती माझ्याकडेच बघतेय. मनात म्हटलं, प्रभू, हिला आवर रे, नाहीतर मी उठून जाते. आणि त्याच तिडकीत माझ्या तोंडून निघालं, "रामचंद्र कदम. फ्रॉम कुडाळ, इंडिया." प्रार्थना कसली, फाईल वाचावी तसं खडखडीत. माना वळल्या. नवऱ्याने कोपर मारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपासना संपल्यावर तोंड लपवून गाडीकडे निघाले, तर एक मल्याळी मुलगी धापा टाकत मागे आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती फुजैराला नर्स, त्या दिवशी बहिणीकडे आली होती, म्हणून आमच्या देवळात. म्हणाली, "दीदी, वो कदम, एसी मेकॅनिक है क्या? हमारे वॉर्ड में है. स्ट्रोक. बोल नहीं सकता. आठ दिन से कंपनी को फोन करते हैं, कोई उठाता नहीं."

मी तिथेच फुटपाथवर बसले.

तशाच गाडीत बसून फुजैराला निघालो. दीड तासाचा रस्ता, पण मला तो संपता संपेना. नंतर कळलं, फुजैराच्या बंदरावर कदमांच्या गावचा एक माणूस कामाला आहे, त्याला भेटायला कदम त्या दिवशी निघाले होते. पोचण्याआधीच रस्त्यात कोसळले, मोबाईल फुटला. फुजैराला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि इस्पितळाने कदमांच्या ओळखपत्रावरून कंपनीचा नंबर शोधून काढला होता तो कुणाचा? आमच्या जुन्या पीआरओचा. सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा तो माणूस वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेलेला. नंबर बदलून घेणं माझं काम होतं. मी ते 'करू उद्या' म्हणत ठेवलं होतं. म्हणजे माणूस खाटेवरून हाका मारत होता, त्या माझ्याच आळसापाशी येऊन थांबत होत्या, आणि वर मी त्याला पळपुटा ठरवायला निघाले होते!

कदमांनी मला ओळखलं. उजवा हात हलत नव्हता. डाव्या हाताने माझी ओढणी घट्ट धरली आणि ते रडायला लागले. काहीतरी विचारत होते, शब्द फुटत नव्हता, पण मला कळलं. म्हटलं, "कदमकाका, नोकरी आहे. व्हिसा आहे. कुणी काही केलेलं नाही." खरं म्हणजे एका दिवसाचाच फरक होता. तेही मी त्यांना सांगितलं. चूक माझी, माफ करा म्हटलं. त्यांनी ओढणी सोडली नाही.

मॅनेजरला तिथूनच फोन केला. तो म्हणाला, "थँक गॉड." एरवी मी पुढच्या कामाकडे वळले असते. त्या दिवशी म्हटलं, "हां सर, उसी का काम है," आणि नंबरची गोष्टही सांगून टाकली. बोलणी खाल्ली. खायलाच हवी होती.

मग त्यांच्या बायकोला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती आधी हुंदके देत राहिली, आणि मग म्हणाली, "आमच्या रवळनाथानंच तुका धाडल्यान गो बाय."

रवळनाथ त्यांचा ग्रामदेव. मी नगरची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. नर्स माझ्याकडे बघत होती. देव कुठे चालतो, कुठे नाही, कुणाच्या नावाने चालतो, हे सगळं मी इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं, आणि त्याने मला एका शब्दानेही विचारलं नव्हतं. विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

"हो वहिनी," मी म्हणाले, "त्यानेच धाडलं."