आक्काची दुसरी सीईटी

फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. भाच्याने एवढंच सांगितलं, "मामा, आई गोठ्यात पडलीया... उठंना." कुरकुंभहून न्हावऱ्याला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. दहाव्याला जमलेल्या पाव्हण्यांनी मात्र आपापसात वेगळंच निदान करून टाकलं: या वयात अभ्यास केला, डोक्याला ताण आला, त्यानंच गेली. त्या दिवशी मी तोंडाला आवर घातला. आज घालणार नाही. माझी बहीण, आक्का, अभ्यासाने गेली नाही. उलट अभ्यास होता म्हणून शेवटची दोन वर्षं ती इतकी तरतरीत होती, की तिच्यापुढे आम्हीच दमलेले दिसायचो.

आमचं गाव खुटबाव, तिचं सासर न्हावरे. तिला दिली होती ती आमच्या सख्ख्या आत्याच्या मुलाला, म्हणजे तिची आत्याच तिची सासू. आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. कांदा, गायी, पोरंबाळं सांभाळून तिने बाहेरून बी. ए. केलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुकाला काय लागतं? मग बांधाच्या दाव्यासाठी ती आत्याबरोबर शिरूरच्या कोर्टात गेली आणि वकील आत्यासमोरच म्हणाला, "म्हातारीला काय कळतंय?" आत्या मान खाली घालून बसली. घरी आल्यावर चप्पल काढता काढता आक्का म्हणाली, "मी वकील हुणार." तेव्हा मात्र कौतुक करणारे दिसेनासे झाले.

लॉच्या पहिल्या सीईटीत इतके कमी मार्क पडले, की दाजींनी हळूच विचारलं, "झालं का समाधान?" मला राग आला. पुढच्या सुट्टीला जाऊन मी तिला अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं, कंपनीत शिफ्टचं करतात तसं, रंगीत. तिने ते वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाळू, ह्यात धार काढायची कवा?" संपलं वेळापत्रक. तिचा बेत निराळाच होता. जे येतंय तेच वाचून मनाला बरं वाटून घ्यायचं नाही. फक्त चुकलेले प्रश्न घेऊन बसायचं आणि का चुकलं ते सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही. माझं डोकं खाल्लं तिने त्या दिवसांत.

गंमत अशी, की तिचे मार्क सर्वांत जास्त गेले होते नात्यांच्या प्रश्नांत. साऱ्या गावाच्या सोयरिकी तोंडपाठ असणारी बाई! सरावाच्या पुस्तकात एक प्रश्न होता: मीनाच्या वडिलांची एकुलती एक बहीण मीनाच्या नवऱ्याची कोण? उत्तर होतं आतेसासू. आक्काने खूण केली होती 'आई'वर.

"आगं, आई कशी असंल?" मी ओरडलोच.

तिने लसूण सोलत बसलेल्या आत्याकडे बोट दाखवलं. "ही बघ. माझ्या बापाची एकलीच भन. माझ्या नवऱ्याची कोण हाय, सांग?"

आत्या पोट धरून हसली. आक्का मात्र पुस्तकाकडे बघतच राहिली... "म्हंजी ह्या प्रश्नातली माणसं नात्यात सोयरीक करत न्हाईत," ती म्हणाली. "जेवढं लिवलंय तेवढंच धरायचं. पदरचं घालायचं न्हाई." कायद्याच्या प्रश्नांतही तोच घोळ निघाला. नियम दिलेला असायचा, तो लावायचा सोडून ही खरा न्याय काय ते ठरवत बसायची. "पर नियमच चुकीचा हाय!" असं म्हणून चिडायची आणि मग गुमान बरोबर उत्तरावर खूण करायची. "आधी आत जाऊ दे मला. मग बघते ह्या नियमाकडं."

दुसऱ्या सीईटीत मार्क जवळजवळ दुप्पट झाले. पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात नंबर लागला असता. प्रवेश सुरू व्हायच्या आधी ती गेली. याचा मला संताप आहे, आणि तो शांत व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

परवा न्हावऱ्याला गेलो होतो. दुपारची जेवणं आटोपली तशी आत्या उठली, टीव्ही बंद केला आणि रिमोट कमरेला खोचला. ती आक्काची अभ्यासाला बसायची वेळ. तेवढा वेळ आत्या घरात कुणाला आवाज करू द्यायची नाही, अजूनही देत नाही. शेजारच्या एक बाई भेटायला आल्या होत्या. त्या हळहळून म्हणाल्या, "एवढं मार्क पाडलं पोरीनं... पर काय उपेग झाला, मावशी?"

"तिनं मिळिवलं, तिचं हायती," आत्या म्हणाली. "तुमाला कशाला पायजेल उपेग?"

बाई चपापल्या. मी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं, तर आत्याने माझ्याकडेही तसंच बघितलं.

"आता बोलू नगा कुणी. तिची येळ हाय."