वर्गात निजायचं नाही

माझे बाबा ज्या वर्गात चौथीला शिकवायचे, त्या वर्गाचा आता वन बीएचके झाला आहे. थट्टा नाही करत. कशेळ्याच्या अलीकडे आमचं गाव. संस्थेनं शाळा नव्या इमारतीत नेली आणि जुनी एका बिल्डरला दिली. त्यानं ती पाडली नाही, एवढे उपकार. काळ्या दगडाचं जोतं, लांबलचक व्हरांडा, छपराच्या सागाच्या कैच्या, वरची कौलं तशीच ठेवली आणि आत भिंती घालून घरं काढली. शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांना असलं फार आवडतं. भिंतीतला फळासुद्धा त्यानं मुद्दाम राखला, वर पिवळे दिवे सोडले. फीचर वॉल म्हणे! डोंबल.

आम्ही तिथं गेलो, कारण रस्ता रुंद झाला आणि आमचं घर त्यात गेलं. ओटी, माजघर, मागची पडवी, सगळं. बाबांना तोवर विसरायला होऊ लागलं होतं. भाऊ त्यांना डोंबिवलीला न्यायला निघाला, तर मीच म्हटलं, "अरे, तिथं त्यांना ओळखीचं काय हाय? शाळेतलं घर घेऊ. जन्म गेला त्यांचा त्या भिंतींत." भावालाही पटलं. बाबा ती जागा ओळखतील की नाही, एवढीच काय ती आम्हाला धास्ती होती.

त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखली. पायरीखाली चपला काढल्या, टोकं रस्त्याकडे करून ठेवल्या. आमच्या शाळेत तशाच काढायच्या, म्हणजे सुटल्यावर पाय थेट आत जातात. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत येऊन खिडक्या बघितल्या आणि चेहरा असा खुलला म्हणून सांगू! त्या खिडक्या मुद्दाम उंचावर आहेत. पोरं जमिनीवर बसली की त्यांना नुसतं आभाळ दिसावं, रस्त्यावरची एसटी दिसू नये. मी भावाला लगेच फोन केला, म्हटलं, जमलं बघ.

मग मी ताट वाढलं. "वर्गात जेवतात का गं?" म्हणाले. बरं बाबा, व्हरांड्यात जेवा. मी ताट बाहेर नेलं. पण फळ्यासमोर मी त्यांची कॉट टाकली होती, ती बघून थबकले.

"हितं कोन निजतं?"

"तुमी, बाबा."

"खुळी का काय तू? मास्तरच वर्गात निजला तर पोरांनी काय करायचं?"

ते हसले, मीही हसले. मला वाटलं, चार दिवसांत सवय होईल.

नाही झाली. बाबा खुर्चीतच बसून राहायचे, मान टाकून डुलकी काढायचे. पाय सुजून टम्म झाले. डॉक्टर म्हणाले, आडवं करा त्यांना. मी विनवलं, रागे भरले. एकदा तर ओरडलेच, "बाबा, हे घर हाय! शाळा गेली!" त्यांनी शांतपणे फळ्याकडे बोट केलं. "मग ह्यो कुनाचा?" मी फळ्यावर चादर टाकली. त्यांनी ती काढून नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

संध्याकाळ झाली की उठायचे. सदऱ्याची बटणं लावायचे, एकेका खिडकीचा अडसर तपासायचे आणि चपला घालून व्हरांड्यात उभे. "चल बाय, घरी जाऊ."

घर रस्त्यात गेलं, हे मी एकदा खरं सांगून बघितलं. लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "चल बाय." पुन्हा सांगायचं म्हणजे पुन्हा रडवायचं. माझी काही छाती झाली नाही. मग मी म्हणायचे, "घर सारवलंय, बाबा. ओलं हाय अजून."

"हां, मग थांबू. पाय उमटतील." आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. इतका शहाण्यासारखा ऐकणारा माणूस, आणि मी त्याला रोज फसवत होते. मला माझीच किळस यायची.

भात कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा खुर्चीतच, मान खाली. डुलकी लागली असेल म्हणून मी चहा झाकून ठेवला. थोड्या वेळानं हात लावला तेव्हा कळलं.

माणसं जमली. रीतीप्रमाणे जमिनीवर ठेवायचं म्हणून त्यांना उचलायला लागले, तर मी आडवी आले. "वर्गात नाय निजवायचं त्यांना." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं मला धरलं, म्हणाली, रडून घे गं. भावानं मात्र व्हरांड्यात चटई टाकली.

आमच्याकडे बायका विसाव्यापर्यंतच जातात. तिथं तिरडी जमिनीवर टेकवून खांदे बदलतात आणि बायका माघारी फिरतात. विसाव्याची जागा नदीच्या वळणावर, ठरलेली. पण आमची बांधावरची आंब्याची झाडं आली तशी मी पुढं होऊन हात जोडले. "हितं टेकवा."

"रस्त्यात? गाड्या बघ की गं," एक चुलते म्हणाले.

"माजघर होतं हितं," मी म्हटलं.

मग भाऊ खांदा दुसऱ्याकडे देऊन डांबरावर मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्हीकडे हात आडवे केले. गाड्या थांबल्या. मागचे हॉर्न मारत होते, कुणीतरी शिवीही दिली. त्यांनी तिरडी खाली टेकवली. मी वाकले, बाबांच्या कानाशी तोंड नेलं.

"घर आलं, बाबा. निजा आता."