खालून म्हणजे कुठून?

कलमताई आमच्या कार्यशाळेत आल्या तेव्हा त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि आजही येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण शर्यतीच्या गाड्यांच्या धंद्यात त्यांचं नाव निघालं की लोकांना वाटतं, ही बाई कुणी मोठी इंजिनियर असणार. त्या विमा कंपनीत होत्या. बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्यांनी विम्याच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचली. कुणाचा दावा बसतो, कुणाचा नाही, आणि नेमक्या कुठल्या शब्दामुळे, हे त्या सांगायच्या. मग त्या कंपनीला दुसऱ्या कंपनीने गिळलं, टेबल गेलं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या घरी बसल्या.

त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा आमच्याकडे वेल्डर होता. मी गाड्या वाहून नेणारा ट्रक चालवायचो, त्यामुळे शर्यत नसली की त्याच्याच शेजारी डबा उलटा करून बसलेला असायचो. एका दुपारी तो मालकांना म्हणाला, "आमच्या ताईंना बोलवा की कागद लावायला. इथे कुणाला कागद सापडत नाहीत, आणि तिकडे त्यांना घरात करमत नाही."

मालक हो म्हणाले. आमचा संघ सगळ्यांत लहान. सोळा माणसं, दोन गाड्या, पत्र्याची एक शेड. गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाकडे नुसते नियम वाचायला चार वकील आहेत असं आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे नियमांचं पुस्तक चहाच्या किटलीखाली असायचं.

कलमताईंनी पहिल्याच दिवशी किटली उचलली, पुस्तक ओल्या फडक्याने पुसलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकशे छपन्न पानं. पोरं हसायची. एका मेकॅनिकने विचारलं, "ताई, शेवटी खून कुणी केला?"

"अजून प्रेत सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

तिसऱ्या महिन्यात सापडलं, पण आमच्याच गाडीत. आरशाची दांडी ठरलेल्या मापापेक्षा बाहेर होती आणि गाडीच्या नाकावरच्या आडव्या पंखाच्या कडेची गोलाई कमी होती. आमचा डिझायनर चिडला. हुशार माणूस, पण नाकावर राग. "घरचाच माणूस घरात चोर शोधतोय," तो म्हणाला.

"मी पकडलं तर पाना लागतो," ताई शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी पकडलं तर शर्यत जाते. कलम आठ, पोटकलम चार." तेव्हापासून त्या सगळ्यांच्या कलमताई झाल्या. डिझायनरसुद्धा रेघ मारण्याआधी हळूच त्यांच्या टेबलापाशी घुटमळू लागला.

ताईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरी त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाईंनी चाळीस वर्षं कपडे शिवले. आता नजर अधू झाली होती, पण जीभ आणि डोकं दोन्ही कात्रीसारखी. ताई संध्याकाळी पुस्तक घरी न्यायच्या आणि भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायच्या. वर्तमानपत्रापेक्षा हे बरं, असं सासूबाईंचं मत होतं. निदान यात रोज तेच तेच नसतं.

एका संध्याकाळी कलम बारा आलं. ‘गाडीच्या तळाला खालून पाहिले असता आरपार दिसणारे कोणतेही छिद्र नसावे.’

हे कलम का आहे ते सांगतो. गाडी वेगात असली की तळाखालून जाणारी हवा तिला रस्त्याकडे ओढून धरते. मागच्या बाजूला वरची थोडी हवा तळात सोडता आली, तर ही ओढ आणखी वाढते आणि वळणावर चाकं सुटत नाहीत. म्हणून तळाला भोकं पाडायची सगळ्यांनाच इच्छा, आणि म्हणून ती पाडायला बंदी.

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "खालून म्हणजे कुठून गं? मांजर बघते तसं वाकडं, की सरळ वर?"

ताईंनी पानं मागे उलटली. त्या पहिल्या प्रकरणावर गेल्या. तिथे व्याख्यांमध्ये एक ओळ होती: वरून, खालून, बाजूने हे शब्द येतील तिथे त्या दिशेने अगदी सरळ, अनंत अंतरावरून पाहिले असे समजावे.

"इतक्या लांबून फक्त देव बघत असेल," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्यालाही चष्मा लागेल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे एक पदर दुसऱ्यावर चढवला तर भोक असूनही दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ताई डिझायनरपुढे दोन पुठ्ठे घेऊन उभ्या राहिल्या. एक पुठ्ठा वर, एक खाली, छपरावरच्या कौलांसारखी कड कडेवर चढलेली. मध्ये आडवी फट. सरळ खालून बघितलं तर काहीच नाही, पण हवेला मात्र वाट मोकळी. डिझायनरने पुठ्ठे हातात घेतले, वर धरले, खाली धरले. मग म्हणाला, "मी हे कलम दहा वर्षं वाचतोय."

"तुम्ही भोक शोधत होता," ताई म्हणाल्या. "मी शब्द शोधत होते."

अडचण एकच होती. ती व्याख्या पहिल्या प्रकरणात, आणि कलम बारा पार चौथ्यात. उद्या कुणी म्हणालं की ती तिथे लागू नाही, तर? नियम समितीला विचारता येत होतं, पण समितीचं उत्तर सगळ्या संघांना जातं. फटीबद्दल विचारणं म्हणजे आपणच दवंडी पिटणं.

ताईंनी चार ओळींचं पत्र लिहिलं. त्यात तळ नव्हता, फट नव्हती, हवा नव्हती. त्यांनी आरशाच्या कलमाबद्दल विचारलं होतं: तिथे ‘बाजूने’ असा शब्द आहे, तर पहिल्या प्रकरणातली व्याख्या त्याला लागू होते का? बारा दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या प्रकरणातल्या व्याख्या पुस्तकातल्या सर्व कलमांना लागू आहेत. प्रत सर्व संघांना. सगळ्यांनी आरशाचं पत्र समजून फायलीत टाकलं. आमच्याकडे ते प्लॅस्टिकच्या पाकिटात गेलं.

मग खरं भांडण सुरू झालं ते कडेवरून. डिझायनर म्हणत होता, वरची कड खालच्या कडेवर एक मिलिमीटर चढवू, त्याहून जास्त चढवली की हवा गुदमरते. ताई म्हणत होत्या, चार.

"कशाला चार? बनावटीत तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, नियमच आहे."

"नियम आहे. त्याच्या खालची ओळ वाचा. छिद्राच्या कलमाला ही सूट नाही." मग त्यांनी सासूबाईंचा शब्द काढला. "शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतात की नाही? अंगाला घट्ट बसणारा कपडा पहिल्याच दिवशी छान दिसतो. वाकलात की उसवतो. गाडी काय ट्रॅकवर सरळ उभी राहणार आहे का?"

मालकांनी ताईंच्या बाजूने कौल दिला. वेल्डर भावोजींनी आधाराच्या पट्ट्या जोडल्या, कडेला चार मिलिमीटर माया ठेवली, आणि डिझायनर आठवडाभर तोंड फुगवून हिंडला. चाचणीत गाडी वळणावर रुळावर असल्यासारखी वळली तेव्हा त्याचा फुगा उतरला.

हंगामातल्या चौथ्या शर्यतीत आमची गाडी पहिली आली. संघाला अकरा वर्षं झाली होती. पहिला नंबर ही गोष्ट आम्ही दुसऱ्यांच्या तोंडावरच पाहिली होती. शेवटच्या फेरीत आमच्या चालकाने एका वळणावर कडेच्या सिमेंटच्या उंचवट्यावरून गाडी आपटवत नेली, आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा गाडी पुढेच होती. मी ट्रकच्या टपावर उभा होतो. तिथून खाली कसा उतरलो ते मला आठवत नाही.

वीस मिनिटांत तक्रार आली. दुसऱ्या नंबरवर आलेल्या त्या चार वकीलवाल्या मोठ्या संघाचं म्हणणं होतं, आमच्या तळाला छिद्र आहे.

तपासणीच्या शेडमध्ये गाडी सपाट लोखंडी चौथऱ्यावर उंच टेकू लावून चढवली होती. एका बाजूला मुख्य तपासनीस, उंच, कमी बोलणारा माणूस. समोर त्यांचा करड्या कोटातला वकील, त्याच्यामागे चार-पाच इंजिनियर. आमच्याकडून मालक, डिझायनर आणि कापडी पिशवी घेतलेल्या कलमताई. भावोजी आणि मी दाराशी.

वकील बेधडक होता. त्याने कोट काढला, विजेरी घेतली आणि सरळ गाडीखाली आडवा झाला. "इथून मला वरचे दिवे दिसतायत," तो खालून म्हणाला. "हे छिद्र नाही तर काय आहे?"

"तुम्ही कुठून बघताय?" ताईंनी विचारलं.

"खालून."

"मान किती वळवलीत?"

तपासनीस किंचित वाकला आणि त्याने गाडीखाली पाहिलं. वकिलाचा गाल जमिनीला टेकलेला होता.

"पहिलं प्रकरण, व्याख्या नऊ," ताई म्हणाल्या. "अगदी सरळ. गालावर झोपून नाही."

वकील अंग झटकत उठला. "ती व्याख्या आराखड्यांसाठी आहे. कलम बाराला ती कुठे लागू होते?"

ताईंनी पिशवीतून पाकीट काढलं आणि चौथऱ्यावर ठेवलं. तपासनीसाने पत्र वाचलं, तारीख पाहिली, आणि वकिलाकडे सरकवलं. "तुम्हालाही प्रत आली होती," तो म्हणाला. "सर्व कलमांना, असं लिहिलंय. सही माझीच आहे."

मागच्या इंजिनियरांत कुजबुज झाली. पण वकील कच्चा नव्हता. "ठीक आहे. सरळ बघू. गाडी शेवटच्या फेरीत आपटलीय. कड हलली असणार. सरळ खालूनसुद्धा केसभर फट दिसली, तरी छिद्राला सूट नाही."

आता आमचा डिझायनर पांढरा पडला. कारण माणूस बरोबर बोलत होता.

तपासनीसाने टोकदार ओळंबा मागवला. वरच्या कडेवरून तो दोऱ्याने खाली सोडायचा. टोक खालच्या फळीवर टेकलं तर आम्ही वाचलो; तिला चुकवून जमिनीकडे गेलं तर पहिला नंबर गेला. बारा ठिकाणी माप घ्यायचं ठरलं. पहिल्या आठ ठिकाणी चार, चार, साडेतीन असं आलं. नववं ठिकाण आपटलेल्या बाजूचं. तिथे फळी खरंच वाकली होती. ओळंबा खाली गेला, डुलला, थांबला. भावोजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की तो पुढे चार दिवस दुखत होता.

"टेकला," तपासनीस म्हणाला. मग पट्टी लावली. "एक मिलिमीटर." म्हणजे तिथे कड तीन मिलिमीटर सरकली होती.

उरलेली तीन मापं झाली. तपासनीसाने टोपी काढून डोकं खाजवलं, कागदावर सही केली आणि म्हणाला, "गाडी नियमात आहे. निकाल कायम."

डिझायनर ताईंकडे वळला. म्हणाला, "एकच मिलिमीटर ठेवला असता तर..."

"तर दोनचं भोक," ताई म्हणाल्या. "चला, लोक बाहेर ताटकळलेत."

बाहेर पोरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो त्यांनी हाणून पाडला. पण चषक मात्र चालकाने त्यांच्याच हातात दिला, आणि त्या तो पिशवीसारखा काखेत मारून फोनवर बोलत राहिल्या. पलीकडे सासूबाई होत्या. ताईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "वकिलाला गाडीखाली झोपवलंस?" सासूबाई विचारत होत्या. "कोट खराब झाला का गं त्याचा?"

त्या हंगामात आम्ही आणखी तीन शर्यती जिंकलो. हंगाम संपेपर्यंत सहा संघांनी आमच्यासारखे तळ बनवले होते, आणि पुढच्या वर्षी समितीने कलम बारामध्ये एक ओळ वाढवून ती फट बंद केली. आम्हाला वाईट वाटलं. ताईंना नाही. एका ओळीसाठी सगळं पुस्तक पुन्हा छापावं लागलं, याचा त्यांना उलट अभिमानच वाटला.

त्यानंतरच्या वसंतात समितीचं पत्र आलं. नव्या नियमांचा मसुदा छापायला जाण्याआधी ताईंनी एकदा वाचावा, अशी विनंती होती. मालकांनी होकार दिला आणि ताईंनी तीन आठवडे घेतले. त्यांनी मसुदा परत पाठवला तेव्हा मीच तो टपालात टाकायला नेला. पाकीट जाड होतं. मी सहज विचारलं, "किती चुका काढल्यात?"

"चुका नाहीत," कलमताई म्हणाल्या. "त्र्याऐंशी प्रश्न आहेत. त्यातले सतरा आमच्या सासूबाईंचे."