पाटा आणि ग्रॅनाईट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पाट्याला टाकी लावून घेण्याचं. टाकीवाली छिन्नीनं ठोकत होती, मी पाटा दाबून धरला होता आणि बायको जाडं मीठ घेऊन शेजारी उभी. टाकी लावली की पहिलं वाटण मिठाचं. दगडाची कच त्यात निघून येते, मग ते फेकून द्यायचं.

पाटा मागच्या अंगणात गेला होता, कारण पोरानं घरात ग्रॅनाईटचा ओटा बसवला. मला त्या ओट्याची किळस होती, अजून आहे. करड्या दगडात गुलाबी, पांढरे दाणे. कुणी ओकावं आणि वरून तेल चोपडावं तसा. त्यावर झुरळ बसलं तरी दिसायचं नाही. सकाळी हात टेकला की रात्रीचा ओशटपणा तळव्याला चिकटायचा.

नात कॉलेजात भूगोल शिकते. ती पायरीवरून म्हणाली, "आजी, पाटा आणि ओटा एकाच वर्गातले. दोन्ही अग्निजन्य."

"म्हंजे गं?"

"दोन्ही आधी वितळलेला रस. आपला काळा दगड, बेसाल्ट, जमिनीवर आला, पसरला, पटकन थंड झाला. म्हणून दाणा बारीक. ग्रॅनाईट जमिनीच्या पोटातच सावकाश थंडावला. म्हणून दाणे मोठे."

"मंग पाटा माझ्यावाणी. भडकले, बोलले, संपलं. वटा तुझ्या आजोबावाणी, आतल्या आत कुढणारा."

"त्या घाणीशी माझी बरोबरी करू नको," मी म्हणालो.

बायको हसली. पाट्यावर पाणी शिंपडत म्हणाली, "अहो, मी गेल्यावर माझ्या नावाचा दगड काळाच घ्या बरं. ह्याच्यावर पाणी ठरतं. त्या वट्यावरून समदं घसरून जातं."

"गप बस. लई बोलतीस."

दिवेलागणीला चहाचं पातेलं उतरवताना ती ओट्यापाशीच खाली बसली. ती उठली नाही.

वैजापूरची लेक पोचल्यावर सकाळी बायकोला उचललं. आमच्यात खांद्यावरचं मडकं ज्या दगडानं फोडतात, तोच दगड पुढं दहा दिवस गेलेलं माणूस म्हणून ठेवतात, त्यावर पाणी सोडतात. मसणवट्याच्या भिंतीशी लोकांनी फुटक्या ओट्यांचे तुकडे आणून टाकले होते. भावकीतल्या एकानं त्यातलाच एक उचलून पोराच्या हातात दिला. चकचकीत, गुलाबी ठिपक्यांचा.

"हा नाय," मी म्हणालो.

"काका, दगड तो दगड. उशीर व्हायलाय."

"नातीच्या पुस्तकात बी एकाच वर्गातले हायेत. पण हा नाय."

"आता दगडाची बी जात बघता व्हय?"

"बघतो."

तुकडा हिसकावून भिंतीपलीकडं फेकला. धोतर खोचून मागं खाम नदीत उतरलो. नदी कसली, गटार. गुडघाभर रेंदा, पिशव्या, फुगलेलं मेलेलं डुक्कर. आतडी तोंडात येतील असा वास. काठावर लोक नाकाला रुमाल लावून उभे होते. मातीला आलेली माणसं, आणि नाकाला रुमाल! कोपरापर्यंत हात घालून चाचपडलं आणि मुठीएवढा दगड काढला.

नळावर धुतला. भोकाभोकातली घाण नखानं काढली. काळा, खरबरीत. वर ओंजळभर पाणी सोडलं. भोकांमध्ये थांबलं.

"घे," मी पोराला म्हणालो.